दुसरी पंगत

"टेबल चार! ऊर्मिला कदम विरुद्ध विश्वजित इंगवले!"

शिरोळकरांनी नावं पुकारली आणि आपली नेहमीची पुस्ती जोडली, "बाद फेरी आहे, मंडळी. हरेल तो घरी जाईल. रुसवेफुगवे बाहेर जाऊन करायचे."

पिशवीचा बंद मुठीत धरून मी जागची हलले नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकाला विशूही हलला नव्हता. माझा धाकटा भाऊ. मिशी राखली होती त्यानं. मला न विचारता, असं उगाच मनात येऊन गेलं. दोन दिवाळ्या आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

पितृपक्ष होता. त्या पंधरवड्यात लग्नं नसतात, म्हणून कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल शिरोळकरांना मिळायचा. त्यांचं खेळण्यांचं दुकान होतं, आणि पत्त्यांच्या ह्या स्पर्धेचे पंचही तेच. पंगतीची लांबलचक टेबलं, भिंतीत मुरलेला मसालेभाताचा वास. आणि जिथं वाढपी 'सावकाश होऊ द्या' म्हणत फिरायचे, तिथं आता टी-शर्टातली पोरं ड्रॅगन आणि जादूगार मांडून बसलेली.

विशू समोर येऊन बसला. हात पुढं केला. डावाआधी हात मिळवायचा, हा खेळातला रिवाज. त्याचा हात गार होता. शाळेत परीक्षेच्या दिवशी असायचा तसा.

"फासा टाका," तो म्हणाला.

टाका! ना आक्का, ना ऊर्मिला. मी टाकला. त्यानं टाकला.

"सुरुवात तुमची."

'तुमची' म्हणताना त्याची जीभ अडखळली, ते मी ऐकलं. पण पहिला शब्द माझा असणार नाही, ही गाठ मी कधीच पदराला मारून ठेवली होती.

जोएल मिरजेत शाळेत गणित शिकवायचा आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्याच्याशी लग्न करणार म्हटल्यावर बापूंनी आवाजसुद्धा चढवला नाही. "कर," म्हणाले, "पण मग हा उंबरा तुझा नाही." आई ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. विशू दाराशी होता, कडीवर हात ठेवून. चप्पल पायात सरकवेपर्यंत मी त्याच्याकडे बघत होते. 'थांब' म्हणाला असता तरी पुरलं असतं. 'जा' म्हणाला असता तरी चाललं असतं. तो कडीकडं बघत राहिला. बापूंचं बोलणं मी पचवलं. विशूचं न बोलणं मात्र घशातच राहिलं, माशाच्या काट्यासारखं.

ज्यांना भाऊ नाही त्या बाया भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. बारीकशी कोर असते, उगवते न उगवते तोच मावळते. मीही गच्चीवर जाऊन तिला ओवाळून यायची. निरांजनाला वारा लागू नये म्हणून जोएल हाताचा आडोसा धरून उभा राहायचा आणि काही विचारायचा नाही.

मग ह्या स्पर्धेला आले कशाला? विशू असणार हे ठाऊक होतं. तो एकही स्पर्धा चुकवत नसे. जोएलला म्हटलं होतं, "खेळायला जातेय." तो हसून म्हणाला होता, "खेळून ये. आलीस की खरं काय ते सांग." सकाळी दारात पोचेपर्यंत नाव द्यायचं की परत फिरायचं, हे माझं मलाच कळत नव्हतं.

तर पहिला डाव सुरू झाला.

खेळ परदेशातला. एकेका पत्त्यावर एकेक चित्र, आणि खाली बारीक इंग्रजीत त्याची करामत. लहानपणी ती नावं आमच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून आम्ही दोघांनी सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं होतं. पुढं तीच नावं जिल्ह्यातल्या पोरांतही रुळली. विशूच्या डेकचं, म्हणजे त्यानं जमवलेल्या पत्त्यांच्या संचाचं, नाव टोळधाड. छोटे छोटे चिवट जीव भराभर मैदानात सोडायचे आणि समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. माझा डेक बगळा. असल्या डेकला पोरं कंट्रोल म्हणतात. तो स्वतः होऊन काही करत नाही. एका पायावर उभा राहतो. समोरच्यानं पत्ता टाकला की आपल्या हातातला एक पत्ता दाखवून म्हणायचं, 'नाही.' त्याचा पत्ता उतरायच्या आतच बाद. ह्या पत्त्यांना आम्ही 'नकार' म्हणायचो. त्यातूनही जे निसटून मैदानात उतरतं त्याला 'झाडलोट' नावाच्या पत्त्यानं एकदम झाडून काढायचं. समोरचा थकला, त्याचा हात रिकामा झाला, की आपला एकुलता एक बगळा सावकाश उतरवायचा. तो एकेक चोच मारत समोरच्याचे गुण शून्यावर आणतो आणि डाव संपवतो.

असं खेळणारं तेव्हा माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. पोरांना घाई असायची. आणि मी संसारात पडल्यावर माझाही डेक कपाटात, साड्यांच्या घडीखाली गेला होता.

"नकार?" विशूनं पहिला टोळ ठेवत विचारलं. तशी रीत आहे. पत्ता ठेवला की विचारायचं, आणि समोरच्यानं उत्तर द्यायचं.

"नाही. येऊ दे."

"नकार?"

"आहे."

त्याचा दुसरा पत्ता गेला. तिसऱ्यालाही आहे. चौथ्याला येऊ दे. मग एकदम झाडलोट. त्याच्या मैदानावर चिटपाखरू उरलं नाही. शेजारच्या टेबलावरचा त्याचा दोस्त आशू खुर्ची वळवून बघायला लागला.

"इंगवले, काय रे हे? काकूंनी आडवा केलाय तुला!"

"काकू नाही," विशू पत्त्यांतून मान वर न करता म्हणाला. मग कोण, ते मात्र सांगितलं नाही.

बगळा उतरला. पहिला डाव मी जिंकले. जिंकून काही वाटलं नाही. दोन वर्षं माणसाला नाही म्हणत राहिल्यावर पत्त्याला नाही म्हणण्यात कसली मर्दुमकी?

तीन डावांत दोन जिंकायचे असतात. पहिला डाव ज्याच्या त्याच्या साठ पत्त्यांनिशी. शिवाय पंधरा पत्ते बाजूला राखून ठेवता येतात. समोरचा काय घेऊन आलाय हे पहिल्या डावात कळलं, की त्या पंधरांतले हवे ते आत घ्यायचे. जग त्याला साइडबोर्ड म्हणतं. आमच्या घरात ती 'दुसरी पंगत' होती. पाट साठच. एकाला बसवायचा तर एकाला उठवायचा. "बसवायचं कुणाला हे शेंबडं पोरही सांगेल, आक्का. उठवायचं कुणाला ते बोल," असं विशू दहावीत असताना मोठ्या ऐटीत म्हणायचा. आणि ते पंधरा निवडताना आमची भांडणं व्हायची. पंधरा पाटांत साऱ्या गावचे पाहुणे सामावायचे. जो येणारच नाही त्याच्यासाठी पाट मांडून ठेवला, की जो येतो तो उपाशी राहतो.

मी मुकाट्यानं माझे पत्ते बदलले. टोळधाडीपुढं सावकाश पत्ते कामाचे नसतात. ते उठवले, दोन केरसुण्या बसवल्या. केरसुणी म्हणजे झाडलोटीची धाकटी बहीण, एका वेळी एकालाच झाडणारी. नकार तसेच ठेवले. विशूही बदलत होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावत होता.

दुसरा डाव. दोन टोळ आले, दोन गेले. मग त्यानं एक पत्ता टेबलावर ठेवला, आणि 'नकार?' विचारलं नाही.

मी वाकून पाहिलं. पत्त्यावर एक घोडेस्वार. पाठीमागं पाऊलवाट, पुढं कुणाचं तरी बंद दार, हातात कंदील.

"ह्याला—" तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणाले. "ह्याला नकार चालत नाही."

त्या पत्त्याची तेवढीच करामत. अंगानं किरकोळ, दुसऱ्या कुठल्याही डेकपुढं कवडीच्या कामाचा नाही. फक्त त्याला कुणी 'नाही' म्हणू शकत नाही. तो येतोच. त्याचं बारसं मी केलं होतं. आई कणीक तिंबताना ओव्या म्हणायची, त्यातली एक मला फार आवडायची.

आला माझा मुराळी, घोडं बांधिलं दारात
'न्हाई' म्हणाया शबुद, उरला न्हाई गं घरात

सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो तो मुराळी. तो दारात उभा राहिला की सासू कितीही खाष्ट असो, तिला नाही म्हणता येत नाही. तेव्हा विशूनं तोंड वाकडं केलं होतं. "बायकी नाव!" मी म्हटलं होतं, "तू होशील तेव्हा कळेल."

आणि आता तोच पत्ता त्यानं माझ्यावर काढला होता.

माझ्या हातात नकारच नकार होते. मूठभर 'नाही' आणि म्हणायला जागा नाही. घोडेस्वार एकटाच पुढं येत राहिला, थोडं थोडं टोचत राहिला. मग दुसरा मुराळी आला. कान तापले माझे. दोन वर्षांत साधी चौकशी केली नाही ह्यानं, आणि मला हरवायची तयारी मात्र जय्यत ठेवून होता! डाव गेला. पत्ते गोळा करताना मी ते मुद्दाम आपटले.

"एकेक बरोबरी," शिरोळकर फिरत फिरत टेबलापाशी आले. मोठे घामट गृहस्थ. गळ्यात शिट्टी, शर्टावर ताकाचा डाग. त्यांनी विशूच्या पत्त्यांकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! लागले का तुझे घोडे एकदाचे कामाला!"

"काका, राहू दे," विशू म्हणाला.

"का राहू दे? बाई, मी सकाळी सगळ्यांचे पत्ते तपासतो. त्यानंतर दिवसभर बदल चालत नाही. गेल्या वर्षापासून बघतोय, प्रत्येक स्पर्धेत ह्याच्या पंधरांत हे चार घोडे आहेतच. चार पाट! अख्ख्या जिल्ह्यात नकारवाला डेक औषधाला नाही. सगळीकडं टोळधाड. मागं सांगलीला फायनलमध्ये हरला, का? तर घ्यायला कामाचा पत्ताच नव्हता. म्हटलं, मर्दा, कुणासाठी बाळगतोस हे?"

"काका."

"तर म्हणाला, 'असू देत. आलंच कोणी तर.'"

आशू खिदळला. "कोणी न्हाई येत म्हणून पैज लावलीवती मी! हरलो की!"

शिरोळकर शिट्टी फुंकत पुढच्या टेबलाकडं गेले. पुढच्या डावाआधी थोडा वेळ असतो, पंगत बदलायला. हॉलमध्ये पत्ते पिसल्याची सरसर चालली होती, जोंधळ्याच्या शेतातून वारं जावं तशी.

मी विशूकडं पाहिलं. विशू टेबलाकडं बघत होता. त्या दिवशी कडीकडं बघत होता, अगदी तस्सा.

सकाळी दारात पोचेपर्यंत मी खेळेन की नाही, हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं. आणि इथं माझा पाट मांडलेला होता. रांगोळी घालून नव्हे. चार घोडे, चार कंदील, एवढंच. दुसरं कुणी आलं की तो पाट वाया जायचा, हा हरायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा मांडायचा.

"तेव्हा का नाही बोललास?" मी विचारलं.

पहिला शब्द माझाच झाला. गाठ कुठं सुटली ते कळलंसुद्धा नाही.

त्यानं हातातले पत्ते खाली ठेवले. "घाबरलो," म्हणाला.

"बापूंना?"

"हं. आणि मग तुला. मग जितके दिवस गेले तितका जास्त." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "दोनदा मिरजेला येऊन गेलो, आक्का. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत."

"आणि?"

"आणि काय! तू 'नाही' म्हणाली असतीस तर?"

मी पत्ते उचलले. मुराळ्यापुढं नकार हे नुसतं ओझं. हे गणित होतं, त्यात भावनेचा काही भाग नव्हता. कुणीही शहाणा खेळाडू तेच करेल. उठवायचं कुणाला ते बोल, आक्का. मी नकार शोधून शोधून बाहेर काढले, त्यांच्या जागी पंधरांतले दुसरे बसवले. खेळाचा संकेत असा, की काढलेले पत्ते पालथे ठेवायचे. काय उठवलं, काय बसवलं हे समोरच्याला कळता कामा नये, सगळी मख्खी त्यातच असते. मी एकेक नकार उताणा ठेवत गेले. टेबलावर, त्याच्यासमोर, ओळीनं.

"अहो काकू, दिसतंय त्याला!" आशू ओरडला.

"दिसू दे."

"आयला! विशू, काढ की मग घोडे बाहेर! तिच्याकडं नकारच न्हाईत तर त्यांचा काय उपयोग? टोळ घाल परत सगळे!"

आशूचं बरोबर होतं. तिसरीतल्या पोरालाही कळेल इतकं बरोबर. विशूनं माझ्या उताण्या पत्त्यांच्या ओळीवरून सावकाश नजर फिरवली. मग आपला डेक उचलून पिसायला लागला. एकही पत्ता बदलला नाही.

तिसऱ्या डावात आम्ही दोघंही खरं खेळलो. हे सांगायला हवं, कारण पुढं जोएलला वाटलं की मी मुद्दाम सोडलं. आमच्या घरात कुणाला मुद्दाम जिंकू देणं हा अपमान समजतात. टोळ आले, मी झाडले. त्यानं माझा बगळा उतरताच टोळांनी घेरून मारला. मी दात-ओठ खाल्ले. पहिला मुराळी आला. मी त्याला केरसुणीनं घालवला.

"अरेरे," मी म्हणाले. "पाहुण्याला केरसुणी दाखवली."

"चालतंय," विशू म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या मिशीखाली जरा हललं काही. पुढच्या खेपेला दुसरा मुराळी ठेवला.

"परत?"

"एकदा हाकलला म्हणून यायचा राहतो काय मुराळी?"

दुसऱ्यालाही केरसुणी. तिसरा आला तो टोळांच्या घोळक्यातून. मी झाडलोट टाकली; सगळं मैदान सारवल्यासारखं स्वच्छ झालं. आता माझ्या हातात एकच पत्ता होता, तोही बिनकामाचा. त्याच्याही हातात एकच. माझे गुण सरत आले होते, त्याचे भरपूर शिल्लक होते. चिंचेचं शेवटचं बुटुक दोघांनी धरून ठेवावं तसे आम्ही बसलो होतो.

शिरोळकर येऊन उभे राहिले होते.

विशूनं तो पत्ता टेबलावर ठेवला. पाऊलवाट, बंद दार, कंदील. चौथा. आणि हात तसाच पत्त्यावर ठेवून त्यानं माझ्याकडं पाहिलं. कडीकडं नाही, टेबलाकडं नाही, थेट माझ्याकडं.

"नकार?" त्यानं विचारलं.

शिरोळकर म्हणाले, "अरे, ह्याला विचारायचं नसतं. ह्याला—"

"मी तिला विचारतोय, काका."

"नाही रे," मी म्हणाले. "सगळे उठवलेत. येऊ दे."

तो आला. झाडायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं, आणि अडवायची इच्छाही उरली नव्हती. एक खेप, दुसरी खेप, आणि डाव संपला.

"ऊर्मिला कदम बाद," शिरोळकर म्हणाले. "छान खेळलात. पण हरेल तो—"

"घरी," विशू म्हणाला. "आक्का, थांब जरा. पुढची फेरी होऊ दे. गाडी आहे माझ्याकडं, मिरजेला सोडतो. जाताना आईला फोन लावू."

मी थांबले. कुठल्या घरी ते पंचांनी सांगितलं नव्हतं, पण त्या दिवसापुरतं मिरजेचं पुरेसं होतं.

पुढच्या फेरीत विशू एका कॉलेजच्या पोराकडून इतका झटपट हरला, की मला चहासुद्धा संपवता आला नाही. पोराकडं टोळधाडच होती, आणि त्याच्यापुढं विशूला दुसऱ्या पंगतीतून बसवायला नेहमीसारखं कोणी नव्हतं.

"सांगत होतो!" आशू म्हणाला. "ते घोडे काढ, ते घोडे काढ. ऐकतोय कोण?"

"काढतो आता," विशू पत्ते पिशवीत भरत म्हणाला. "आता काढले तरी चालतील."

ह्या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. बापूंचा उंबरा ओलांडायला पुढं बराच काळ जावा लागला. ती गोष्ट निराळी, आणि तिच्यातले नकारही निराळे. पण त्या भाऊबिजेला तिन्हीसांजेला जोएल सवयीनं निरांजन उचलून, वाऱ्याला हाताचा आडोसा धरून, गच्चीच्या जिन्याकडं वळला, तेव्हा मी स्वयंपाकघरातून त्याला हाक मारली.

"अहो, तिकडं कुठं? पाट इथं मांडलाय."